न वळणारी लाल नळी

सिलिंडरच्या आत काय असतं, हा प्रश्न त्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा तिने विचारला. त्याआधी अठरा वर्षं तिथे अ‍ॅसिटिलीनचे सिलिंडर भरलेले येत होते, रिकामे होऊन जात होते, आणि आत गॅस असतो यापलीकडे कोणाचं काही अडलं नव्हतं.

“गॅस असतो,” फोरमनने सांगितलं.

“मग टिचकी मारली की ठोकळ्यासारखा आवाज का येतो? पलीकडचा ऑक्सिजनचा तर घंटेसारखा वाजतो.”

“बाई, तुम्हाला सिलिंडर सांभाळायला ठेवलंय, वाजवायला नाही.”

ती तेव्हा त्या कामावर नवीन होती. मूळची स्टोअरमधली कारकून. नट-बोल्ट, पत्रे, रंगाचे डबे यांच्या नोंदी ठेवायची. गॅसची शेड सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी जायला कोणी तयार होईना. शेड आवाराच्या पार टोकाला. तीन बाजूंना जाळी, चौथ्या बाजूला जाड भिंत, वर पत्रा, पत्र्याखाली वारा खेळायला हातभर फट आणि आत विजेचं एकही बटण नाही. थंडीत तिथे बसणाऱ्याचे दात वाजायचे. तिला विचारलं तेव्हा ती “बघू या” म्हणाली. त्या “बघू या”ला आता अकरा वर्षं झाली.

वर्कशॉप मालवाहू गाड्यांच्या चासी आणि ट्रेलर दुरुस्त करणारं. सहा टेबलं, तेवीस माणसं. वाकलेलं, तडकलेलं लोखंड कापायचं, तापवायचं, पुन्हा जोडायचं. कापायला ज्योत लागते आणि ज्योतीला दोन गॅस लागतात. ऑक्सिजन निळ्या नळीतून येतो, अ‍ॅसिटिलीन लाल नळीतून. दोघांची साठवण वेगळी, मधे ती जाड भिंत.

सिलिंडरचं कोडं सुटायला सहा महिने गेले. गॅसकंपनीची इंजिनियर तपासणीला आली तेव्हा हिने तिला शेडमध्येच गाठलं. इंजिनियरने पावतीच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. आत पोकळी नसतेच. सिलिंडर गच्च भरलेला असतो, खडूसारख्या सच्छिद्र दगडाने. त्या छिद्रांत एक द्रव मुरवलेला असतो आणि गॅस त्या द्रवात विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. कारण हा गॅस मोकळ्या जागेत नुसता दाबून कोंडला, तर हवा नसली, काडी नसली तरी आपणहून फुटू शकतो.

“म्हणजे एकटा कोंडलेला चालत नाही त्याला,” ती म्हणाली.

“असंच समजा.” इंजिनियर हसली. “मला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं.”

त्या एका चित्राने शेडमधले निम्मे नियम तिला उलगडले. सिलिंडर आडवा का ठेवायचा नाही? आतला द्रव व्हॉल्व्हकडे येतो आणि गॅसबरोबर नळीत उतरतो. मग जो गाडीतून आडवा आला असेल त्याचं काय? तो उभा करायचा आणि एक दिवस त्याला हात लावायचा नाही. ड्रायव्हरने “उभेच आणलेत हो” असं शपथेवर सांगितलं, तरी ती सिलिंडरच्या अंगावरचे ओरखडे बघायची आणि आडवे घासलेले दिसले की त्याच्या गळ्यात तारखेची पाटी अडकवायची. रेग्युलेटरवरच्या लाल रेघेपुढे काटा का न्यायचा नाही, तेही त्याच चित्रातून कळलं; नळीत द्रव नाही की दगड नाही, तिथे गॅस एकटाच असतो. रोज सकाळी आल्यावर ती प्रत्येक सिलिंडरला हाताची मागची बाजू लावून जायची. उन्हाचं कारण नसताना एखादा कोमट लागला, तर त्याच्या आत काहीतरी सुरू झालंय असं समजून सगळ्यांना लांब काढायचं आणि दुरून पाणी मारायचं. अकरा वर्षांत एकही कोमट लागला नव्हता. तरी हात लागल्याशिवाय दिवस सुरू होत नसे.

वर्कशॉपमध्ये तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे चौकशी. तिला ते ठाऊक होतं. नावात काही खोटं नाही, असं तिचं म्हणणं.

शेडच्या दारावर नियमांची पाटी होती. त्यात शेवटून दुसरी ओळ अशी: तांब्याचा संपर्क टाळा. या ओळीच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं, कारण विजेच्या तारा सोडल्या तर त्या आवारात तांबं नव्हतंच. तिने मात्र पुढच्या तपासणीत तेही विचारून घेतलं. हा गॅस तांब्याच्या सहवासात राहिला, की तांब्यावर हळूहळू एक पापुद्रा धरतो. ओला असेतो तो बराच शांत असतो. सुकला की त्याला ठिणगीही लागत नाही. एक ओरखडा, एक ठोका पुरतो.

“म्हणजे दारूगोळाच की!”

“हो. फक्त तो कोणी बनवत नाही, आपला आपण बनतो.”

तिने हे चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. तीन नंबर टेबलवरचा म्हातारा वेल्डर, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, त्याने कप खाली न ठेवताच विचारलं, “आपल्याकडे तांबं आहे कुठे, ताई? घरून पातेलं आणू का?” सगळे हसले, तीही हसली आणि विषय संपला.

मग, कित्येक वर्षांनी, दादा आला.

दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. फ्रीज आणि थंड हवेची यंत्रं दुरुस्त करायचं त्याचं दुकान बावीस वर्षं चाललं. अख्खी हयात तांब्याच्या नळीत गेली म्हटलं तरी चालेल. नुसत्या हाताने तो तांब्याची नळी अशी वळवायचा, की कुठे चिरडल्याची खूण नाही. ज्या इमारतीत दुकान होतं ती पाडायची ठरली, नव्या जागी गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा बहिणीने फोरमनकडे शब्द टाकला. हात बघून फोरमनने त्याला तीन महिन्यांसाठी घेतलं. नीट जमलं तर कायम. घरी शिकणारी दोन मुलं होती आणि वय पन्नाशीला टेकलेलं. या वयात दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांपैकी कोणी ते बोलून दाखवलं नव्हतं.

बहीण-भावाचं बाकी काही जुळत नसे. लहानपणी घरातलं घड्याळ बंद पडलं, की ही विचारत बसायची का बंद पडलं. तोवर त्याने ते उघडून, पुसून चालूही केलेलं असायचं. “चालतंय ना? मग!” हे त्याचं ठरलेलं उत्तर.

तीन महिने संपायला नऊ दिवस होते. उस्तादचा गुडघा धरला होता, म्हणून आदल्या दिवशी तो लवकर घरी गेला आणि त्याच्या टेबलची लाल नळी जमिनीवर ढिगासारखी पडून राहिली. एरवी आपली नळी तो स्वतःच गुंडाळून ठेवायचा, दुसऱ्याला हात लावू देत नसे. सकाळी फेरी मारताना हिने तो ढीग पाहिला आणि नळी गुंडाळायला घेतली.

गुंडाळायची तिची पद्धत होती. खुंटीवर एकसारखी वेटोळी टाकत जायचं आणि प्रत्येक वीत अंगठा आणि दोन बोटं यांच्या मधून सरकवायची. चीर, फोड, भाजलेली जागा डोळ्यांआधी बोटांना कळते, असा तिचा अनुभव. आठव्या वेटोळ्याला नळी वळली नाही. बोटाएवढ्या लांबीचा एक भाग काठीसारखा ताठ होता. त्यावर लाल चिकटपट्टी गुंडाळलेली, इतकी सफाईदार, की चार पावलांवरून नळीचा रंग तेवढा किंचित उजळ वाटावा.

तिने ती जागा अंगठ्याने दाबली. दबली नाही. पुन्हा दाबली. मग साबणाचं पाणी आणून ब्रशने लावलं. एक बुडबुडा नाही. गेल्या सात सोमवारी तिने या नळीला हेच पाणी लावलं होतं आणि सातही वेळा वहीत “ठीक” लिहिलं होतं. नळी जमिनीवर सरळ पसरलेली असताना ताठ जागा आणि मऊ जागा यात फरक दिसत नाही.

“तीन नंबरच्या नळीत जोड आहे,” तिने फोरमनला सांगितलं.

“असेल.”

“कशाचा?”

“जोडाचा. ताई, उस्ताद आज नाही, मी दुसऱ्या माणसाला तीन नंबरला लावतोय. संध्याकाळपर्यंत तो ट्रेलर बाहेर पडला पाहिजे.”

“आत काय आहे ते कळेपर्यंत ती नळी वापरायची नाही.”

“गळते का?”

“नाही.”

“मग?”

“गळत नाही एवढं कळलं. काय आहे ते कुठे कळलं?”

फोरमनने कपाळाला हात लावला. तीन नंबर थांबलं आणि काम पाच नंबरवर गेलं. दुपारपर्यंत ती टेबलाटेबलाशी जाऊन विचारत राहिली. कोणी म्हणालं, उस्तादला विचारा. उस्तादने फोनवर सांगितलं, “मधे एका शनिवारी मी नव्हतो, परत आलो तर नळी दुरुस्त झालेली. छान झाली होती. मी कशाला विचारू? तुम्ही आहात की विचारायला.” कोणी म्हणालं, लोखंडी नळी असेल. तिला तसं वाटेना. लोखंडी जोड तयार मिळतो. तो एवढा आखूड आणि एवढा बेतशीर नसतो. हे कोणीतरी मापाने कापलंय, कडा घासल्यात, मग बसवलंय. असा हात इथे कोणाचा?

विचार इथवर आला तरी पुढचं पाऊल तिला सुचलं नाही, हे विशेष. ते दादाने स्वतःच सांगितलं, जेवताना.

दोघं रंगाच्या खोलीमागच्या बाकावर डबे घेऊन बसायचे. तिने नळीची कथा लावली आणि दादा गालातल्या गालात हसायला लागला.

“सकाळपासून सगळ्यांच्या डोक्याला ताप दिलास म्हणे.”

“तू हसतोस काय?”

“अगं, तो जोड माझा आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तू रजेवर होतीस ना, त्या शनिवारी. ठिणगी पडून नळी भाजली. नव्या नळ्या तुझ्या कपाटात आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये. फोरमन नुसता नाचत होता. मी म्हटलं, द्या इकडे. भाजलेला तुकडा कापला, आत नळी सरकवली, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या. वीस मिनिटं.” त्याने घास घेतला. “सात आठवड्यांत एक बुडबुडा तरी दिसला का तुला? खरं सांग.”

“नाही.”

“मग!”

“आत कसली नळी घातलीस?”

“तांब्याची. दुकानातली उरली होती ती. अशी बसली, की…”

तिने डब्याचं झाकण लावलं. सकाळी तिने तीच जागा अंगठ्याने दाबून पाहिली होती. दोनदा.

“दादा, ऊठ.”

“जेवू तरी दे.”

“ऊठ म्हणते ना!”

पुढची दहा मिनिटं ती फारसं बोलली नाही, आणि तिला ओळखणारी माणसं त्यामुळेच घाबरली. तिने फोरमनला एवढंच सांगितलं, की तीन नंबरच्या लाल नळीत तांबं आहे, सात आठवड्यांचं, आणि सगळ्यांना आवारात घ्या. पाच नंबरवरची ज्योत विझली. सगळ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद झाले. व्हॉल्व्ह फिरवायची किल्ली त्यावरच असली पाहिजे या तिच्या जाचाचा तेव्हा उपयोग झाला, एकाही जागी शोधाशोध पडली नाही. तीन नंबरच्या खुंटीकडे कोणी जायचं नाही, त्या बाजूला काही ओढायचं नाही, आपटायचं नाही. दारं सताड उघडी. मग तिने गॅसकंपनीला फोन लावला.

इंजिनियरने चार प्रश्न विचारले. नळी कुठे आहे? सिलिंडर बंद आहे का? ती वाकवली का? कोणी हात लावला?

“मी लावला. सकाळी.”

“आता लावू नका. वरून पाणी ओतून उपयोग नाही, ते आत जाणार नाही. माणसं लांब ठेवा. मी दीड तासात पोचते.”

आवाराच्या दुसऱ्या टोकाला बावीस माणसं उभी राहिली. उस्ताद घरी होता. पहिल्या पंधरा मिनिटांत सगळे गप्प होते, पुढच्या पंधरा मिनिटांत विनोद सुरू झाले.

“चौकशीने आज खरंच चौकशी लावली.”

“माझा डबा आत राहिलाय.”

“जा ना, घेऊन ये. आम्ही तुझी आठवण काढू.”

दादा हसत नव्हता. तो तिच्यापाशी आला. “हे सगळं माझ्यामुळे चाललंय?”

“जोडामुळे.”

“जोड माझाच आहे ना? मीच लावला, मीच काढतो. दोन क्लिपा सोडायच्या, बस. त्या पोरीला दीड तास प्रवास करून बोलवायची काही गरज नाही.” आणि तो चालायला लागला.

ती त्याच्यापुढे जाऊन दारात उभी राहिली. ती त्याच्या खांद्यापर्यंत पोचायची.

“बाजूला हो.”

“नाही होणार.”

“बावीस वर्षं तांब्यात काढलीत मी. तू मला तांबं शिकवणार?”

“तांबं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हा गॅस कळत नाही. तुझ्या फ्रीजमधला गॅस तांब्याला काही करत नाही, हा करतो. आतून पापुद्रा धरतो. तू क्लिप सोडून नळी पिळलीस आणि तो खरवडला, तर तेवढ्यानेच…”

“सात आठवडे काही झालं नाही ते?”

“सात आठवडे ती जागा कोणी वाकवली नाही. का, माहीत आहे? तुझा जोड वाकतच नाही. एवढा चांगला केलायस!”

हे कौतुक होतं की टोमणा, ते त्याला कळेना. तिलाही नक्की सांगता आलं नसतं. मागून फोरमन म्हणाला, “चला इकडे. दोघंही.” दादा परत फिरला आणि एका उलट्या ठेवलेल्या पिंपावर पाठ करून बसला.

इंजिनियर आली ती पेटी घेऊन आणि घाई न करता. सगळ्यांना आणखी मागे, रस्त्यापर्यंत नेलं. जाड हातमोजे, तोंडावर ढाल. आधी नळीतला उरलेला गॅस दुसऱ्या, न जळणाऱ्या गॅसने हळूहळू बाहेर ढकलला. मग नळीत पाणी भरून तो भाग आतून भिजू दिला. मग लांब दांड्याच्या कात्रीने दोन्हीकडे हातभर अंतर सोडून रबर कापलं आणि तो तुकडा पाण्याच्या बादलीत सोडला. जोडाला तिने बोटही लावलं नाही. हे सगळं व्हायला तास लागला आणि लांबून पाहणाऱ्यांना ते एखाद्याने फार सावकाश भांडी घासावीत तसं दिसलं.

बादली मोकळ्या जागेत नेल्यावर इंजिनियरने वरूनच, हात न लावता, टॉर्च मारून नळीच्या तोंडातून आत पाहिलं.

“धरलाय?” हिने विचारलं.

“धरलाय. थोडा.”

“थोडा म्हणजे किती?”

“पुरेसा.”

“उडाला असता?”

“सांगता येत नाही.” इंजिनियरने हातमोजे काढले. “सांगता आलं असतं तर नियम सोपा झाला असता. हा जोड कोणी केला?”

फोरमनने दादाकडे पाहिलं.

“हात चांगला आहे,” ती म्हणाली, आणि बादली घेऊन गेली.

अशा प्रसंगाची नोंद करायला एक छापील वही होती. काय घडलं, कुठे घडलं, कोणाकडून, कशामुळे. ती वही समोर घेऊन बसली तेव्हा फोरमन शेडच्या दारात आला.

“‘नळीत अयोग्य जोड आढळला, काढून टाकला.’ बास. एवढं लिहा.”

“‘कोणाकडून’ असा रकाना आहे.”

“रिकामा ठेवा. मॅनेजर ही वही वाचतात आणि तुमच्या भावाचे नऊ दिवस उरलेत. त्या दिवशी त्याला ‘कर’ म्हणणारा मीच होतो, हेही आहेच.”

“तेही लिहायचं का?”

फोरमन दारातून आत आला. “चौकशी,” तो पहिल्यांदाच तोंडावर म्हणाला, “तुम्हाला रकाना रिकामा बघवतच नाही का?”

खरं तर त्या दिवशी तिला तो बघवला असता. रकाना रिकामा राहिला तर दादा कायम होईल, हे उघड होतं. पण पुढे काय, याचं उत्तर तिला मिळत नव्हतं. तांब्याचा जोड कोणीतरी केला एवढंच लिहिलं, तर तो का झाला हे कोणालाच कळणार नाही, आणि “का” कळलं नाही तर तो पुन्हा होईल. दादाच्या हातून नाही झाला तर तितकाच चांगला हात असलेल्या दुसऱ्या कोणाच्या. तिने लिहिलं. जोड करणारा: माझा भाऊ, याला गॅस आणि तांब्याचा नियम कोणी सांगितला नव्हता. काम सांगणारा: फोरमन. नव्या नळ्यांचं कपाट बंद, किल्ली घरी नेणारी: मी. सात वेळा तपासून “ठीक” लिहिणारी: मी. खाली सही केली.

दादाने ते दुसऱ्या दिवशी वाचलं. वही बंद केली, जागेवर ठेवली आणि बोलणं सोडलं. बाकावर तो दुसऱ्या टोकाला बसायला लागला.

आईचा फोन आला. “दादाचं नाव कशाला लिहिलंस गं?”

“माझंही लिहिलंय, आई. दोनदा.”

“तुझं कोण विचारतंय! तू कायम आहेस.”

तिने आईला डोळ्यांत औषध घातलं का ते विचारलं.

मॅनेजरने वही वाचली, तिघांना बोलावलं आणि दहा मिनिटांत निकाल दिला. कपाटाचं कुलूप काढायचं. तपासणीत नळ्या उचलून, वळवून बघायच्या, नुसतं पाणी लावून नाही. आणि दादाचे तीन महिने आणखी एका महिन्याने वाढवले. त्या महिन्यात गॅसकंपनीचा एक दिवसाचा वर्ग असतो. तो करून आला तर कायम, नाही तर नमस्कार.

“या वयात शाळेत?” दादा म्हणाला.

“या वयात,” मॅनेजर म्हणाला.

विचार करून सांगतो, असं म्हणून दादा बाहेर पडला आणि विचार काय केला ते मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही. वर्गात नाव घालायचा कागद फोरमनच्या टेबलावर पडून राहिला. घरी वहिनीने विचारलं तर म्हणाला, बावीस वर्षं लोक माझ्याकडे शिकायला यायचे. बहिणीने एकदा चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. तो प्यायला, पण कप तिच्या हातात न देता बाकावर ठेवून गेला. नावं द्यायची मुदत शुक्रवारी संपत होती. ती रोज संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून फोरमनच्या टेबलावरून जायची. कागदावर रोज तीच तीन नावं असायची, दुसऱ्या माणसांची.

गुरुवारी दुपारी ती रिकाम्या सिलिंडरवर टोप्या चढवत होती. जाळीच्या दारात सावली पडली. दादा उभा होता. त्याच्या हातात रेग्युलेटरचा नट होता, जुना, काढून टाकलेला, चकाकेपर्यंत पुसलेला.

“हे पितळ आहे,” तो म्हणाला. एकोणीस दिवसांनंतरचं पहिलं वाक्य.

“हो.”

“पितळेत तांबं असतं.”

“असतं.”

“तुमच्या सगळ्या रेग्युलेटरना पितळेचे नट आहेत. सगळ्या! मी सकाळपासून मोजतोय. मग माझ्या तांब्याने एवढं काय घोडं मारलं?”

तिने हातातली टोपी खाली ठेवली. पाटीवरची ओळ न् ओळ तिने विचारून घेतली होती, पण हे तिने विचारलं ते फार पुढे, तिसऱ्या का चौथ्या वर्षी, आणि तेही इंजिनियरने आपणहून विषय काढला म्हणून.

“पितळेत जस्त मिसळलेलं असतं. शंभरात सत्तरच्या आत तांबं असेल तर पापुद्रा धरत नाही. हे नट त्या बेताने केलेले असतात.”

“सत्तर.” त्याने नट उजेडात धरून फिरवला. “आणि पंच्याहत्तर असलं तर? रंगावरून मला कळतं, हे काही सगळे एका भट्टीतले नाहीत. हा बघ, लालसर आहे.”

तिने बघितलं. तिला तो बाकीच्या नटांसारखा पिवळाच दिसत होता.

“खरंच लालसर आहे?”

“बावीस वर्षं काय गवत कापत होतो?”

“हा कुठल्या सिलिंडरवरचा?”

“चार नंबरवरचा जुना. त्याच्या जागी आता जो बसवलाय तोही असाच वाटतो. म्हणून तर आलो.”

“तो वापरात आहे?”

“मी आत्ताच बंद करायला लावला. फोरमनने कपाळाला हात लावलाय.” त्याने नट शर्टाला पुसला. “तो वर्ग सोमवारी आहे ना? तिथे हे विचारलेलं चालतं का?”

“सोमवारपर्यंत कशाला थांबायचं,” ती म्हणाली आणि फोन घ्यायला शेडबाहेर निघाली. दादा मागोमाग आला; वाटेत तिने फोरमनच्या टेबलावरचा कागद उचलला आणि पेनासकट त्याच्या हातात दिला. त्याने पेन दातांत धरलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि आधी तो लालसर नट पुन्हा एकदा उजेडात धरला.

पलीकडून इंजिनियरने फोन उचलला.

“मॅडम,” ती म्हणाली, “माझा भाऊ काहीतरी विचारतोय. मला माहीत नाही. तुम्ही त्याच्याशीच बोला.”